नक्कल

द्वारकाला फक्त ‘पुरे’ म्हणायचं होतं. मंगळवारचा चौथा तास, पाचवीचा वर्ग, समोर चाळीस मुली. दारात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका गंगाबाई, हाताची घडी घालून उभ्या होत्या. जाता जाता थांबल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “रोज सगळ्या मिळून वाचतात तुमच्या वर्गात. आज एकेकीला उठवा की, द्वारकाबाई. कोणाला येतं, कोण नुसतं तोंड हलवतं, कळेल तरी.” मग एकेक उठली, वाचून बसली. आणि तिसऱ्या बाकावरची, कोन गावाहून रोज एसटीने येणारी मालू उठली. धडा ‘पावसाळा संपला’ अशा शब्दांनी सुरू होत होता. मालू ‘पा’ म्हणाली, परत ‘पा’ म्हणाली, आणि तिथेच राहिली. तिची हनुवटी वर वर जायला लागली, डोळे मिटले गेले, उजवा पाय जमिनीवर आपटायला लागला, जणू शब्द पायाखाली कुठेतरी अडकलाय आणि लाथ मारून सोडवायचाय. वर्ग गप्प होता. ही शांतता हसण्याच्या आधीची असते हे द्वारकाला ठाऊक होतं. तिला त्या मुलीला खाली बसवायचं होतं, लवकर, कोणी हसायच्या आत. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, “पु... पु... पु... पु...”

वर्ग फुटला. पुढच्या बाकावरच्या मुली ओढणीत तोंड घालून हसल्या, मागच्या सरळ खिदळल्या. मालूने डोळे उघडले आणि बाईंकडे पाहिलं. दारातून मोठ्या बाईंनी कपाळाला आठी घातली, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला. आणि त्या एका क्षणात द्वारकाला लख्ख कळलं की सगळ्यांना काय वाटलं: बाईंनी मालूची नक्कल केली. एवढंच वाटलं. दुसरं कोणाच्या मनातही आलं नाही. वीस वर्षं जे झाकलं ते अजून झाकलेलंच होतं, फक्त एक करायला हवं होतं. तिने ते केलं. ती हसली. हसू आलं नव्हतं, तिने ते आणलं, चेहऱ्यावर ठेवलं, आणि हाताने मालूला ‘बस’ अशी खूण केली. मालू बसली.

त्यानंतरचे तास कसे गेले तिला आठवत नव्हतं. शाळा सुटल्यावर ती तळ्याच्या काठाने घरी निघाली. रोजचाच रस्ता, पण आज पायांना नीट चालता येत नव्हतं, मध्येच वेग वाढत होता, मध्येच ती उगीच थांबत होती. तिला सारखं वाटत होतं की तोंडात काहीतरी आहे. जिभेवर वेखंडाची ती जुनी तुरट-तिखट चव आली होती. पेणला, माहेरी, वडील रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळायचे आणि मधातून तिच्या जिभेला चोळायचे. वैद्यांनी सांगितलं होतं, जीभ जड आहे, हलकी होईल. जीभ भाजायची, हलकी व्हायची नाही. मग कोणीतरी सांगितलं, तोंडात खडे धरून वाचायला लावा. वडील नदीवरून गुळगुळीत खडे आणून, धुऊन, वाटीत ठेवायचे. ते कोर्टात नकलनवीस होते, कागदांच्या नकला उतरवायचे, अक्षर मोत्यासारखं, आणि चूक सहन न होणारे. “सावकाश बोल,” म्हणायचे. “सावकाश बोल म्हणतो ना!” असं ओरडून म्हणायचे. सगळं जग तिला सावकाश बोलायला सांगायचं आणि कोणालाच ऐकायला तेवढा वेळ नसायचा. शाळेत हजेरीच्या वेळी ‘हजर’ निघायचं नाही, म्हणून ती तेवीस दिवस गैरहजर लागली होती. बाकावर बसलेली असून गैरहजर.

तेराव्या-चौदाव्या वर्षी तिला वाट सापडली. कोणी शिकवली नाही, आपोआप सापडली. शब्द येताना दिसतो. समोरून येणाऱ्या माणसासारखा दुरून दिसतो, आणि तो अडणार हे आधीच कळतं. मग गल्ली बदलायची. ‘पुस्तक’ अडणार असेल तर ‘ते लाल, कपाटातलं’ म्हणायचं. ‘परवा’ अडत असेल तर ‘सोमवारी’ म्हणायचं. अगदीच कुठे वळायला जागा नसेल तर खोकायचं, पदर सारखा करायचा, आठवत नसल्यासारखं छताकडे पाहायचं. दोन-तीन वर्षांत ती इतकी तरबेज झाली की लोक म्हणायला लागले, शेजारच्या वाण्याची मुलगी बडबडी आहे, पण ही कशी तोलूनमापून बोलते. तिला बघायला गुप्त्यांकडची मंडळी आली तेव्हा मामीच पुढे होऊन म्हणाली, “मुलगी अबोल आहे हो आमची.” होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “अबोलच बरी.” लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा तिने तो उखाणा ओवीच्या चालीवर गायला. गाण्यात काहीच अडत नाही, हे तिला माहीत होतं. बायकांनी कौतुक केलं. पुढे नवऱ्याचं नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. ‘अहो’ म्हटलं की भागत होतं. नऊ वर्षं भागलं होतं. महादेवराव मामलेदार कचेरीत कारकून. सकाळी पेपर, दहाला कचेरी, संध्याकाळी परत पेपर. त्यांना बायको मितभाषी आहे याचा अभिमान होता.

आणि शिक्षिका का झालीस, असं तिने स्वतःला रस्त्यात विचारलं. खरंतर तो जुनाच प्रश्न होता. सासूबाई गेल्या, मूल झालं नाही, दिवस मोठे झाले, गावात मुलींच्या शाळेला बाई हव्या होत्या. पहिल्या दिवशी वर्गात तिला घाम फुटला होता. आणि मग तिला दुसरी वाट सापडली. ती म्हणाली, “सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हणा.” चाळीस आवाजांच्या मध्ये तिचा आवाज सरळ वाहत गेला. पाढे, कविता, धडे, सगळं एकत्र. एकदा शाळा-तपासणीला आलेल्या साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, ‘सामुदायिक वाचनाची पद्धत अनुकरणीय.’ मोठ्या बाईंनी तो शेरा इतर बाईंना वाचून दाखवला होता. जूनमध्ये मालू वर्गात आली तेव्हा द्वारकाला पहिल्या दोन दिवसांतच कळलं होतं. सगळ्यांबरोबर वाचताना त्या मुलीचे ओठ मोकळे हलत होते, चेहरा उजळत होता. वाचन थांबलं की ती लगेच मान खाली घालायची, कोणी काही विचारू नये म्हणून बोटांशी खेळायची. द्वारकाने हे सगळं ओळखलं. आणि पाच महिन्यांत एकदाही तिच्या बाकाजवळ गेली नाही. लोक म्हणतात, तोतऱ्याला चिडवू नये, नक्कल जडते. द्वारकाला उलटी भीती होती. जवळ गेलं तर आपलं उघडं पडेल.

बुधवारी मालू आली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत द्वारका शिक्षकांच्या खोलीकडे जात होती, तर नळाजवळ मुलींचा घोळका दिसला. एकजण हनुवटी वर करून, पाय आपटून, “पा... पा... पा...” करत होती. दुसरी कमरेवर हात ठेवून तिला “पु... पु... पु...” असं उत्तर देत होती. म्हणजे ती बाई झाली होती. बाकीच्या हसून लोळत होत्या. द्वारका थांबली. तिला पाहून मुली गप्प झाल्या, पण घाबरल्या नाहीत. एकीने तर तिच्याकडे पाहून ओळखीचं हसू हसलं, आपल्याच कटातल्या माणसाकडे पाहून हसावं तसं. द्वारकाला रागवायचं होतं. काय म्हणून रागवणार? ती तशीच पुढे गेली आणि तिला वाटलं, हातपाय आहेत पण मध्ये काही नाही.

घोळक्यापासून दूर, भिंतीला टेकून जनी उभी होती. ती मालूच्याच गावची, मालूबरोबरच एसटीने यायची. कंडक्टरला दोघींच्या वतीने ‘पनवेल’ तीच सांगायची. द्वारकाने तिला बाजूला बोलावलं.

“मालू आजारी आहे?”

“नाय, बाई.” जनी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. “ती येनार नाय आता. तिचा बापूस सोमवारी नाव काढाया येनार हाय.”

“तिने घरी सांगितलं?”

“ती काय सांगनार? मीच सांगितलं.” मग तिने मान वर केली. “बाई, मोठी मान्सं कशी चिडवतात?”

शनिवारी शाळा अकराला सुटली. सकाळी निघतानाच द्वारकाने महादेवरावांना सांगितलं होतं की एका मुलीच्या घरी जाऊन येते, उशीर होईल. त्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं. “कोणाची मुलगी?” “वर्गातली.” “हजेरी घ्यायला घरोघरी जातेस की काय आता?” असं म्हणून ते हसले आणि परत वाचायला लागले. स्टँडवर ती गर्दीतून गाडीत चढली. कंडक्टरने विचारलं, “कुठं?” ‘कोन’मधला ‘को’ तिला दुरून येताना दिसला, दगडासारखा. “फाट्यावर,” ती म्हणाली. “अहो बाई, फाटे छप्पन्न आहेत.” मागच्या टोपलीवाल्या म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “कोनला काय? दे रं तिला कोनचं.” द्वारकाने मान हलवली. खिडकीबाहेर भाताची कापलेली शेतं मागे पळत होती आणि ती डोक्यात वाक्यं जुळवत होती. तांदळातले खडे वेचावेत तसे एकेक अडणारे शब्द काढून टाकत होती. ‘मुलीला शाळेत धाडा, हुशार आहे ती.’ हे ठीक. ‘मलाही लहानपणी असंच होत असे, अजूनही होतं. तिची थट्टा नव्हती ती.’ हेही ठीक, यात काही अडत नाही. तिने ते आठ-दहा वेळा मनात म्हटलं. उतरेपर्यंत ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याचा अर्थच निघून गेल्यासारखा वाटत होता.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणातल्या खळ्यावर मालूचा बाप बळीराम भाताच्या पेंढ्या फळीवर झोडत होता. आई भामा सुपाने पाखडत होती. मालू झोडलेल्या पेंढ्या उचलून रचत होती. पांढऱ्या पातळातली, चष्म्याची, पायात चपला घातलेली बाई पाहून तिघेही थांबले. मालूने ओळखलं आणि ती पेंढ्यांच्या राशीमागे सरकली.

“मी द्वारकाबाई. शाळेतली.”

भामाने सूप खाली ठेवलं. “म्हंजे तुमीच त्या,” ती म्हणाली. बसायला सांगितलं नाही. बळीरामने हातातली पेंढी एकदा जोरात झोडली, मग बाजूला टाकली. “बोला,” म्हणाला.

द्वारका बोलली. गाडीत घोकलेलं सगळं बोलली, आणि एकही शब्द अडला नाही. आयुष्यात इतकं सरळ ती कधी बोलली नसेल. ‘मलाही लहानपणी असंच होत असे, अजूनही होतं,’ हे वाक्य तर पुस्तकातलं वाचून दाखवावं तसं बाहेर पडलं. आपलाच आवाज ऐकताना तिला कळत होतं की हे चुकतंय, पण थांबता येत नव्हतं.

बळीराम ऐकून घेत होता. मग तो म्हणाला, “बाई, आमी अडानी हाव, पन आंधले नाय. तुमी झराझरा बोलताय. आमच्या पोरीचा एक शब्द निघाया सकाल जाते. आनि तुमी सांगताय तुमाला पन तसंच हाय?”

“वर्गात हसलात तेनं मन भरलं नाय,” भामा म्हणाली, “म्हनून दारात आलाव काय? सात नवस केले मी हिच्यासाठी. पाच वर्सं वेखंड लावला. गावच्या पोरांनी चिडवलं, मी त्यांच्या आयांना जाऊन भांडले. तुमच्या आयेला कुठं शोधू भांडाया?”

द्वारका तशीच उभी होती. ऊन डोक्यावर होतं, भाताचं तूस हवेत उडत होतं, घशात जात होतं. तिला परत जावंसं वाटलं. सांगायचं ते सांगून झालं होतं, त्यांनी विश्वास ठेवला नाही तर तिचा काय दोष? पाय वळलेही. आणि मग तिला दिसलं की तिने खरी गोष्ट सांगितलीच नव्हती. अडखळण्याबद्दल सांगितलं होतं, ते तर आता जवळजवळ सोपं होतं, त्यात स्वतःची कीव होती. त्यानंतर जे झालं ते सांगितलं नव्हतं. त्यासाठी तिने वाक्य बनवलंच नव्हतं.

ती पेंढ्यांच्या राशीकडे वळली. तिथे मालूचं कपाळ आणि डोळे दिसत होते.

“मालू,” ती म्हणाली, “मी ह...”

शब्द बंद झाला. पुढे ‘ह’सुद्धा आला नाही, नुसता श्वास. तिला शेजारची गल्ली दिसत होती, ‘दात काढले’ म्हणता आलं असतं, ‘गंमत वाटल्याचं दाखवलं’ म्हणता आलं असतं. ती त्या गल्लीत गेली नाही. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले, ओठ एका बाजूला ओढले गेले. हा चेहरा तिने स्वतः कधी पाहिला नव्हता, नवऱ्याने पाहिला नव्हता. तिला आतून जाणवत होतं की तो किती विद्रूप असेल. “ह... ह...” भामा घाबरून पुढे आली, “अगो बाय, पानी देऊ? हवा घालू? ऊन लागलं काय?” असं काहीतरी म्हणायला लागली. आणि मग पेंढ्यांच्या मागून आवाज आला.

“आ... आये, था... थांब. ति... तिला बोलू दे.”

भामा होती तिथेच थांबली. गोठ्यात बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली.

“मी ह-हसले,” द्वारका म्हणाली. “माझंच अडलं होतं. त्यांना वाटलं न-नक्कल केली. मी त्यांना तसं वाटू दिलं. माझं कळू नये म्हणून तुला प... प... पुढे केलं.”

मालू राशीमागून बाहेर आली. तिच्या केसांत गवताच्या काड्या होत्या. ती बाईंच्या तोंडाकडे पाहत होती, चेहऱ्याकडे नव्हे, नेमकं तोंडाकडे, एखादा कारागीर दुसऱ्याचं हत्यार पाहतो तसं. तिच्या नजरेत माफी नव्हती. कुतूहल होतं, आणि त्याच्या खाली राग होता.

“हे व... व... वर्गात सांगाल?” तिने विचारलं.

द्वारकाला उत्तर देता आलं नाही. या वेळी शब्द अडला नव्हता. शब्दच नव्हता.

रविवार तिने कसा काढला! दोनदा स्वयंपाकात मीठ विसरली. धुतलेली भांडी परत धुतली. मोठ्या बाई काय म्हणतील, मुली आयुष्यभर काय नाव ठेवतील, बाजारातून जाताना मागून कोण काय म्हणेल, आणि घरात. घराचा विचार आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. वर्गात न सांगितलं तर काय होईल? काही नाही. बळीराम नाव काढून नेईल. कोनहून शिकायला येणाऱ्या चार मुलींतली एक कमी होईल. ती पेंढ्या रचील, लग्न होईल, सासरची माणसं म्हणतील, मुलगी अबोल आहे, अबोलच बरी. कोणाच्या काही लक्षात येणार नाही. हेच तिला सहन होईना.

सोमवारी पहिल्या तासाला ती वर्गात गेली तेव्हा मालू जागेवर होती. बळीराम डोक्याला स्वच्छ फेटा बांधून दाराबाहेर, व्हरांड्यात उभा होता. त्याला कार्यालयात जायचं होतं, पण तो तिथेच थांबला होता. मुली नेहमीप्रमाणे पुस्तकं उघडून एका सुरात वाचायला तयार झाल्या. द्वारका म्हणाली, “पुस्तकं मिटा.”

मग तिने सांगितलं. पाच वाक्यं होती. त्यांना जवळजवळ अर्धा तास लागला असं तिला वाटलं, खरं तर सात-आठ मिनिटं लागली असतील. ती कुठेही वळली नाही. ‘पु’ आला तेव्हा ‘पु’च म्हणत राहिली. सुरुवातीला मुली हसल्या, त्यांना वाटलं गंमत पुढे चालू आहे. मग हसणं एकेका बाकावरून विझत गेलं. मागची एक मुलगी रडायला लागली, का ते तिलाच माहीत नसेल. एकदोघी शेवटपर्यंत हसत राहिल्या. आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या, बळीरामच्या शेजारी उभ्या राहिल्या. मालू बाकावरच्या शाईच्या डागाकडे पाहत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही. पण तिचा पाय हलत नव्हता.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली. “तुम्ही आधी सांगायला हवं होतंत,” त्या म्हणाल्या. “मुलींची भाषा घडायचं वय असतं हे. पालक विचारतील. पाचवीचं मराठी मी दुसऱ्या बाईंना देते. तुम्ही शिवण घ्या, चित्रकला घ्या.” द्वारकाने पाचवीचं पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. “आणि तो मालूचा बाप,” मोठ्या बाई कागद चाळत म्हणाल्या, “नाव काढायला आला होता ना? काय झालं कळेना. ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणाला आणि गेला.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा महादेवराव ओटीवर पेपर वाचत होते. गाव लहान. त्यांच्या कानावर आलं असेल किंवा नसेल, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तिने चप्पल काढली, पाय धुतले, आणि आत न जाता त्यांच्यासमोर, जमिनीवर बसली. असं ती कधी बसत नसे. त्यांनी पेपर थोडा खाली केला.

“मला तुम्हाला क... क... क...”

त्यांच्या डोळ्यांत भीती आली. त्यांनी घाईघाईने मदत केली. “काय? काम आहे? कचेरीतलं काही?”

तिने मान हलवली. “क... क...”

“कंटाळा आलाय? सोडायची आहे का शाळा? मग सोड की, मी कुठे म्हणतो...”

“नाही,” ती म्हणाली, “तो शब्द नाही.” आणि श्वास घेऊन तिने वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. महादेवरावांनी पेपरची घडी घातली, ती मांडीवर ठेवली, आणि या वेळी काही न सुचवता ते तिच्या तोंडाकडे पाहत बसून राहिले.